चित्राखालची ओळ

आमचे हे कवळ्या बनवायचे. डॉक्टर नुसते तोंडात बघणार आणि माप घेणार. पुढे प्लास्टरचा साचा, मेण, एकेक दात रंग जुळवून ओळीत बसवणं, हे सगळं ह्यांच्या टेबलावर. अर्ध्या शहराचं हसू माझ्या नवऱ्याने घडवलंय, असं मी आल्यागेल्याला सांगायची, आणि हे लाजून आत निघून जायचे.

त्यांचा दुसरा नाद मात्र सांगायची मलाच चोरी. ह्यांना फ्रेंच साप्ताहिकांचं वेड होतं. तीही शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची, आणि निव्वळ थट्टेची. पानभर चित्र, त्यात राजाचं पोट टेबलाएवढं, मंत्र्याचं नाक गुडघ्यापर्यंत, आणि खाली बारीक अक्षरात एखाददुसरी ओळ. त्या काळच्या कुणा हौशी वाचकाने वर्षाचे अंक एकत्र शिवून, पाठीला चामडं लावून जाडजूड खंड बांधून घेतलेले. तो बिचारा कधीच गेला, आणि त्याचे खंड फिरत फिरत येऊन बसले कुठे, तर माझ्या चादरींच्या कपाटात. चादरी गेल्या पलंगाखाली.

सुरुवात दातांवरूनच झाली. जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक खंड उघडा पडला होता, आणि त्यात एक राजा तोंड वासून हसत होता. दुसरा कुणी राजाकडे बघेल, ह्यांनी दात मोजले. "वरच्या जबड्यात दात जास्त आहेत गं," घरी येऊन म्हणाले. दोन दिवस त्याच विचारात. तिसऱ्या दिवशी तो राजा आमच्या घरी.

मग एकामागून एक येतच राहिले. आमच्या दारात एक पायरी आहे, बांधणाऱ्याने तिथे ती का ठेवली त्याचं त्यालाच ठाऊक. खंड छातीशी कवटाळून हे आले की त्यांना स्वतःचे पाय दिसायचे नाहीत. मग मला हातातलं काम टाकून धावावं लागायचं. "अहो, सांभाळून, पायरी आहे." हे आत आले की मग माझा पट्टा सुरू. अजून एक? आता हा ठेवायचा कुठे, माझ्या डोक्यावर? हे ऐकून घ्यायचे आणि मऊ फडक्याने खंडाची धूळ पुसत बसायचे.

फ्रेंच आम्हा दोघांनाही ओ की ठो येत नाही. म्हणून ह्यांनी स्वतःच ओळी लावायला घेतल्या. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की टेबलावर खंड उघडायचा, चित्राकडे बघत राहायचं, आणि शेवटी खालच्या ओळीवर बोट ठेवून वाचल्यासारखं करायचं. ढेरपोट्या मंत्री गाढवावर बसलाय, तर गाढव म्हणतं, "साहेब, पुढच्या निवडणुकीत मी वर." मी हसून हसून बेजार व्हायची. एकदा आमच्या लेकीने मोबाईलवर त्याच चित्राची खरी ओळ काढून दाखवली. काहीतरी साखरेवरच्या कराबद्दल होतं. हसू कुणालाच येईना. "त्यांनी त्यांचा विनोद केला, आपण आपला करू," हे म्हणाले, आणि लेकीचा मोबाईल उलटा ठेवला.

ह्या कामाचे दोन नियम होते. एक, ओल्या बोटाने पान उलटायचं नाही. मला लहानपणापासून बोट जिभेला लावायची सवय, आणि ह्यांचं लक्ष पानाऐवजी माझ्या बोटावर. दुसरा नियम असा, की चित्राला एकदा ओळ लागली की लागली. नंतर त्यातला शब्दही हलवायचा नाही. मी चुकून "निवडणुकीत" ऐवजी "वर्षी" म्हटलं तरी ह्यांच्या कपाळाला आठ्या.

एकच चित्र असं होतं की त्याची ओळ मला कधी सांगितली नाही. लठ्ठ बाई दारात उभी, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात दिवा. समोरून काखेत गाठोडं मारलेला काटकुळा नवरा अंधारातून येतोय. ते पान आलं की हे दोन पानं एकदम उलटायचे. "ह्याला ओळ नाही का?" मी विचारायची. "आहे, पण तुझ्यासाठी नाही." आता कमरेवर हात ठेवलेली लठ्ठ बाई कोण, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. मनात राग होताच. माझी टिंगल करायची आणि वर लपवायची. खोदून खोदून विचारलं तरी ताकास तूर लागू दिली नाही.

मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला.

पाय परतला, काठी घेऊन चालू लागले. उजवा हात थोडा आला. वाचा मात्र गेली ती गेलीच. सगळं कळायचं, डोळ्यांत दिसायचं, पण तोंड उघडलं की नुसता श्वास. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं दुरुस्त केलेल्या माणसाचं हे असं व्हावं! घरात दोन माणसं आणि आवाज माझ्या एकटीचा. मी इतकी बडबडी, पण समोरून उत्तर नसेल तर बडबडीलाही चव राहत नाही, हे मला तेव्हा कळलं.

बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. चित्रांची कार्डं आणायच्या. कप, कंगवा, खुर्ची. हे मान फिरवायचे. त्या समंजस होत्या. मला म्हणाल्या, "ज्याच्यावर ते आयुष्यभर बोलले ते काढा. राग आला तरी येऊ दे. रागात कधी कधी शब्द पटकन सुटतो. पण फार लांबवू नका, आत्ता आला तर येईल."

मग मी खंड काढले आणि मुद्दाम चुकीच्या ओळी वाचायला लागले. गाढवाची ओळ मंत्र्याच्या तोंडी घातली. राजाला दातच कमी आहेत म्हटलं. ह्यांच्या कपाळावर आठ्या यायच्या, ओठ हलायचे, आणि पुन्हा शांत. रोज दुपारी मी बसायची, आणि रोज खंड मिटताना वाटायचं, आता पुरे, देवाने जे ठेवलंय ते गोड मानून घ्यावं.

अशाच एका दुपारी मी चिडले. कशावर कोण जाणे, ह्यांच्यावर, माझ्यावर, त्या राजावर. मी ते दिव्याच्या बाईचं पान उघडलं. ह्यांनी डाव्या हाताने झाकायला बघितलं. मी हात बाजूला केला.

"आज ह्याची ओळ सांगा," मी म्हटलं. "नाही सांगितलीत तर मी लावते. आणि एकदा लागली की लागली. नियम तुमचाच आहे."

मी बोट ठेवलं आणि वाचल्यासारखं केलं, "बाई म्हणते, पुन्हा रद्दी आणलीत? आता झोपा बाहेरच. लागली बघा ओळ. मिटू खंड?"

"न," ते म्हणाले. मग, "नाही."

माझा हात पानावर तसाच राहिला. मला भीती वाटली की मी श्वास जरी घेतला तरी पुढचा शब्द आतल्या आत जाईल. ह्यांचं बोट हळूहळू पानावरून सरकलं. आधी बाईच्या दिव्यावर गेलं, मग खाली उंबऱ्याशी. तिथे चितारणाऱ्याने एक पायरी काढली होती. इतक्या वर्षांत माझं तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

"सां... भाळून," ते म्हणाले. कपाळावर घाम आला होता. "पायरी... आहे."

ती ओळ माझीच होती. माझ्याच दारातली, माझ्याच तोंडची. मला वाटत होतं की त्यानंतरचा माझा पट्टाच तेवढा ह्यांच्या लक्षात राहिला असेल.

"एवढंच?" मी विचारलं. "मग इतकी वर्षं लपवलंत कशाला?"

त्यांना फार वेळ लागला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मी थांबले.

"हस... शील."

मी हसले नाही. मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन रडले. सगळ्या जगाची थट्टा केली ह्या माणसाने, आणि बायकोवरच्या मायेची एक ओळ सांगायला घाबरला. मी बोटांनी डोळे पुसले आणि काहीतरी करायचं म्हणून पान उलटायला गेले, तर हातावर डाव्या हाताची चापट बसली.

"ओलं बोट," ते म्हणाले. अजिबात न अडखळता.