तोंडाला वास येत होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझी तपकिरीची डबीसुद्धा कधी लपली नाही. सांगताना अडखळेन. पण सांगतो.

मांडवीत माझं घर पोलीसचौकीला लागून. दिवस दारूबंदीचे. कुणी पिऊन सापडला की हवालदाराची पहिली हाक मला — पंच म्हणून. शाळामास्तर, तपकीर सोडली तर निर्व्यसनी, शब्दाचा पक्का! पंचामुखी परमेश्वर म्हणतात. कोर्टात नाव पुकारलं की मी टोपी सारखी करून ताठ उभा राहायचो. फौजदारसाहेब म्हणायचे, गुर्जींची साक्ष म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. का नाही वाटणार अभिमान?

हसन लॉरी चालवायचा. एका दुपारी आंब्याच्या पेट्या उतरवून परतताना त्याला चौकीपाशी अडवलं. पूर्वी तो एका वकिलाची मोटार चालवायचा, तिथे ऐकून ऐकून कायदा शिकलेला. जबाबावर सही करणार नाही म्हणाला. मला डॉक्टरकडे न्या म्हणाला. मी नेहमीसारखी पंचनाम्यावर सही ठोकणार, तोच माझ्याकडे वळला.

"थांबा गुर्जी! पंचान सोता वास घ्यायचा आसतो. घ्या."

आणि तोंड उघडून उभा राहिला. असं मला तोवर कुणीच म्हटलं नव्हतं.

मी पुढे वाकलो. वास घेतला —

खरं सांगू? काहीच आला नाही. कधीच येत नाही. तपकिरीने म्हणा, तरुणपणीच्या तापाने म्हणा, कित्येक वर्षं मला कसलाच वास येत नाही. घरात आमटी करपली तरी नाही. तेवढं बोलायला काय लागत होतं? पण चौकीभर माणसं, फौजदारसाहेब बघताहेत — आणि आजवर केलेल्या सगळ्या सह्यांचं काय?

"भपकारा येतोय," मी म्हणालो.

डॉक्टरकडे नेईतो संध्याकाळ झाली. त्यांनी नक्की असं काही लिहिलं नाही. मग सारं माझ्या शब्दावर आलं. साक्षीत मी एकदाही चाचरलो नाही. हसनला शिक्षा झाली, लायसन गेलं. तो प्यालेला होता का? मला आजही माहीत नाही.

सुटून आल्यावर त्याने बंदरावर चहाचं दुकान टाकलं. बरेच दिवस टाळलं, शेवटी एकदा गेलो. त्याने अदबीने बाकडं पुसलं आणि एक छोटी बाटली माझ्यापुढे धरली.

"अत्तर हाय गुर्जी. कसला वास, सांगा बगू?"

मी डोळे मिटून लांब श्वास घेतला. "हिना," म्हणालो. कोर्टात बोलायचो तसाच, ठामपणे.

हसन हसला नाही. बाटलीतलं रॉकेल त्याने स्टोव्हच्या टाकीत ओतलं, काडी ओढली आणि माझ्यासाठी चहा ठेवला. मी तो प्यालो.

पुढच्याच आठवड्यात चौकीतून हाक आली. मी टोपी सारखी केली आणि गेलो.