एक्केचाळीस पूर्णांक आठ

हवामान केंद्रातल्या बाईंना सगळे पाराबाई म्हणत. सव्वीस वर्षं रोज दुपारी तीनला अंगणातली पांढरी पेटी उघडून त्यांनी तापमान वाचलं, तेही श्वास रोखून, कारण उच्छ्वासानेही पारा चढतो. घरी दूध उतू गेलं तर चालेल, आकडा दशांशानेही हलता कामा नये, असा त्यांचा खाक्या.

कायदा असा, की बेचाळीस अंश झाले की उघड्यावरचं काम बंद. पुढे देशप्रमुखांना वाटलं, महामार्ग आपल्या वाढदिवसाआधी पुरा व्हावा. कायदा कुणी बदलला नाही. कायद्याचा त्यांना फार आदर. बेचाळीस किंवा त्यावरचा आकडा पाठवण्याआधी राजधानीची परवानगी घ्यायची, एवढंच ठरलं. परवानगी रोज न चुकता यायची, संध्याकाळी सातला.

"तुम्ही आपलं एक्केचाळीस पूर्णांक आठ लिहा," केंद्रप्रमुख म्हणाले. "सुंठीवाचून खोकला गेला."

शेजारच्या केंद्रातल्या गृहस्थांनी खरा आकडा पाठवला होता. त्यांची बदली झाली. कुठे, ते त्यांच्या बायकोला अजून कळलेलं नाही.

पाराबाई लिहू लागल्या. त्यांचा धाकटा भाऊ त्याच महामार्गावर डांबर पसरत होता. रोज त्याचा फोन यायचा.

"ताई, आज किती गं?"

"एक्केचाळीस पूर्णांक आठ."

"म्हणजे मीच नाजूक झालोय म्हणायचं," तो हसायचा.

"रजा टाक ना रे दोन दिवस."

"रजा टाकली की नाव लिहून घेतात."

पाराबाईंना स्वतःची लाज वाटे, आणि भीती लाजेपेक्षा जास्त वाटे.

एका मंगळवारी पारा सेहेचाळीसच्याही वर होता. पाराबाई पेटीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी एक्केचाळीस पूर्णांक आठ लिहिलं. चारला इस्पितळातून फोन आला. त्या पोहोचेपर्यंत भावावर चादर ओढलेली होती.

डॉक्टर थकलेले होते. "मृत्यूचं कारण लिहायचंय. उष्माघात लिहायला निदान बेचाळीस लागतात, बाई."

"सेहेचाळीस होतं. मी स्वतः मोजलंय."

डॉक्टरांनी उठून दार लावलं आणि केंद्राकडून आलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला. "ही सही कुणाची?"

"माझीच."

डॉक्टरांनी रकान्यात 'अशक्त प्रकृती' असं लिहिलं आणि खाली नातेवाईक म्हणून पाराबाईंची सही घेतली.