काचेवरचा डावा-उजवा

मसाएर गेयेची गॅलरी रोज सकाळी दहाच्या सुमारास नव्याने सापडायची. शोध लावायचा पाते सेक. पाते हा सेंट लुईच्या बेटावरचा वाटाड्या. चार-पाच पाहुणे घेऊन तो दक्षिणेकडच्या जुन्या वस्तीत शिरायचा, इस्त्रीवाल्याच्या दारापाशी थबकायचा, डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, इथं कुठंतरी एक आहे म्हणतात, मलाही नक्की ठाऊक नाही. मग इस्त्रीच्या वाफेतून, पहिल्या अंगणातल्या शेळ्या ओलांडून, दुसरं अंगण. तिथे खारं पाणी मुरून पोपडे सुटलेली एक खोली, पाच पावलं लांब आणि तीन पावलं रुंद. पाहुण्यांचे चेहरे असे खुलायचे, जशी काही ती त्यांनीच खणून काढली. आसपास अशा आणखी सहा खोल्या होत्या. त्याही पातेला रोज नव्याने सापडत.

गेये आणि सेक या आडनावांत पिढ्यान्‌पिढ्या मस्करीचं नातं. त्यामुळे मसाएर पातेला 'भातखाऊ' म्हणायचा आणि पाते मसाएरला 'आमच्या आजोबांचा पळून गेलेला गडी'. कोणी एक दिवस शिवी चुकवली, तर दुसरा तब्येतीची चौकशी करायचा.

मसाएर काचेवर चित्रं काढायचा. काचेवर म्हणजे काचेमागे. या धंद्यात सगळं उफराटं. जे सगळ्यात पुढे दिसायचं ते आधी रेखायचं, पापण्या, ओठांची कड, कोपऱ्यातली सही. मग कपडे, आणि शेवटी मागची निळाई. रंग वाळला की काच उलटायची, की झालं चित्र. सहीसुद्धा उलटीच लिहावी लागते. बापाने त्याला अक्षरं सुलटी शिकवायच्या आधी उलटी शिकवली होती आणि त्यापायी शाळेत त्याने भरपूर छड्या खाल्ल्या होत्या.

डाव्या भिंतीवर विकायचा माल असे, संत, सिंह, नवरा-नवरीची भांडणं. उजव्या भिंतीवर अकरा तरुण पोरं. ती विकायची नव्हती. चार वर्षांपूर्वी कोळीवाड्यातून कामधंद्याच्या शोधात, चोरून कॅनरी बेटांकडे निघालेली एक नाव पोहोचली नाही. तिच्यातल्या पोरांच्या आया फोटो घेऊन या खोलीत आल्या होत्या. घरात ठेवायला फोटो होताच की. पण गावाने आपल्या पोरांना कुठंतरी ओळीने बघावं, असं त्यांना वाटलं असावं. मसाएरने पैसे घेतले नाहीत. नऊ दिवसांत त्याने अकरा चेहरे काढले.

त्या घाईतच ते झालं. संतांचे उलटे साचे बापाने करून ठेवले होते. या पोरांचे साचे कोण करून ठेवणार? मसाएरने फोटो खाली ठेवला, वर काच ठेवली आणि दिसली तशी रेघ मारली. असं केलं की काच उलटल्यावर डावं उजवीकडे जातं. ते टाळायला आधी चेहरा कागदावर उलटा गिरवून घ्यावा लागतो, एका चेहऱ्याला एक जादा दिवस. पाचव्या चेहऱ्याला त्याच्या ध्यानात आलं. माणसाचा चेहरा काय, दोन्हीकडून सारखाच, असं मनाशी म्हणून त्याने सहावा घेतला. अकराही काचांवर स्वतःची सही मात्र त्याने न चुकता उलटी लिहिली होती. ती अगदी नीट वाचता यायची.

त्या शुक्रवारी पातेने निएवेस नावाची एक साठीची बाई आणली. कॅनरी बेटांवर ती परिचारिका होती, आता निवृत्त. किनाऱ्याला लागलेल्या अनोळखी पोरांची शेवटची अंघोळ तिच्या हातून व्हायची आणि कोणीतरी कधीतरी विचारील म्हणून ती एका वहीत खुणा लिहून ठेवायची. संतांकडे तिने बघितलंही नाही. उजव्या भिंतीवरच्या सातव्या काचेसमोर उभी राहिली, ती हलेचना. मग वही काढून पान शोधलं आणि पातेकरवी विचारलं, या मुलाचा भुवईवरचा व्रण उजव्या बाजूला होता का?

पातेने काचेकडे बोट दाखवलं. डाव्या बाजूला आहे, दिसतोय की.

बाईने सुस्कारा सोडला. म्हणाली, चेहरा अगदी तोच वाटला होता, बरं झालं. वही मिटून ती पुढच्या गॅलरीकडे गेली. जाताना पातेने दारातून 'पळून गेलेला गडी' अशी नेहमीची हाक मारली. मसाएरने उलट शिवी दिली नाही.

सातवी काच मागातची. त्याची आई कोदू आणि बायको दिएनाबा दर शुक्रवारी नमाजानंतर यायच्या. कोदूचं किनाऱ्यावरचं घर पुढे समुद्राने नेलं, त्यात तो फोटोही गेला. ही काच तेवढी उरली. लग्नानंतर सात महिन्यांनी नवरा गेला, तेव्हा दिएनाबा एकोणीस वर्षांची होती. खात्री झाल्याशिवाय तिला विधवा म्हणता येणार नाही, असं इमामांचं म्हणणं. भाऊ न्यायला आला तर कोदूने त्याला दारातच विचारलं होतं, उद्या माझा पोरगा आला आणि बायको घरात नसली तर त्याला तोंड कोण दाखवणार, तू?

नमाज झाला. दोघी आल्या. आज बोललं नाही तर कधीच नाही, हे मसाएरला कळत होतं. बाई उद्या सकाळी परत जाणार होती. त्याने चहाचं भांडं शेगडीवरून उतरवलं आणि सगळं सांगितलं. फोटो, काच, घाई, पाचवा चेहरा, वही. व्रण खरा कुठे होता, एवढंच त्याला विचारायचं होतं.

कोदू काचेकडेच बघत होती.

"उजवीकडे," ती म्हणाली. "नावेच्या नांगराची कडी लागली होती, नऊ वर्षांचा होता. मी हळद दाबून धरली होती."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"तू टांगलंस त्याच दिवशी दिसलं. आई आहे मी, दादा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू नीट केलं असतंस. मग तो मागात झाला असता. या बाकीच्या बुडालेल्यांच्या रांगेत." तिने ओढणीच्या टोकाने काच पुसली, जिथे धूळ नव्हती तिथे. "चुकलेलाच बरा होता."

चार वर्षं दिएनाबा ज्या काचेसमोर येऊन उभी राहायची, त्या काचेतली खोट तिच्या कधी ध्यानात आली नव्हती, सासूला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होती. ती भांडली नाही. बाई कुठे उतरली आहे, एवढंच तिने मसाएरला विचारलं. पुलाजवळच्या हॉटेलात, त्याने सांगितलं. ती चपला हातात घेऊनच अंगणं ओलांडून गेली.

खोलीत दोघंच उरली. कोदूने विचारलं, काच उलटी टांगली तर व्रण बरोबर बाजूला येईल ना? मसाएरने खिळ्यावरून काच काढली आणि तिच्यासमोर उलटी धरली. मागच्या बाजूने फक्त निळा रंग होता, शेवटी फासलेला, ब्रशच्या खुणांसकट. चेहरा त्याच्याखाली कुठेतरी. कोदूने त्या निळ्यावरून एकदा हात फिरवला आणि मान हलवली. टांग आहे तसंच.

दिएनाबा परत आली तेव्हा तिच्यामागे पाते होता, हॉटेलात दुभाष्या तोच झाला होता. तिने बाईला एकच विचारलं होतं, दंडावरच्या ताइताला कुठल्या रंगाचा दोरा होता. वहीत लिहिलं होतं, हिरवा. तो ताईत निघायच्या आदल्या दिवशी तिने स्वतः शिवला होता.

ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"आई, घरी चला," ती म्हणाली. "विधवेचे चार महिने दहा दिवस मी बाहेर पडणार नाही. मग भावाकडे जाईन. इमाम काय म्हणायचं ते म्हणोत, मी आजपासून मोजते."

कोदू उठेना. पातेने पुढे होऊन हात दिला तोही तिने धरला नाही. मसाएरकडे वळून तिने अगदी हिशेबी आवाजात विचारलं, "आजचा शुक्रवार त्यात धरायचा का रे, दादा? अर्धा तर आपण इथेच घालवला."