बोटीवरची कढई

आचरा गावात आमचे शेजारी बोटीवरच्या भटारखान्यातून निवृत्त होऊन आले होते. येताना त्यांनी परदेशातली एक खोलगट लोखंडी कढई आणली होती. वर्षानुवर्षांच्या तेलाने ती काळीभोर झाली होती. स्वैपाक करताना ते जमीन हलत असल्यासारखे पाय फाकून उभे राहायचे आणि बायकोला कढईपासून दोन हात लांब ठेवायचे. काम झालं की कढई नुसत्या गरम पाण्याने धुऊन, चुलीवर सुकवून, तिला खोबरेलाचा हात लावायचे. एवढी माया त्यांनी स्वतःच्या टकलावरही केली नसेल.

एकदा पाहुणे आले म्हणून मी ती मागून आणली.

"साबण लावू नको हां. साबण हिचो दुश्मन," त्यांनी बजावलं.

ते घरी सांगायला मी विसरलो. दुसऱ्याची वस्तू लख्ख करून द्यावी म्हणून बायकोने ती साबण लावून काथ्याने तासभर घासली.

आम्ही दोघं परत द्यायला गेलो तेव्हा कढईत तोंड दिसत होतं. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट फिरवली. आता आपली खैर नाही, असं मला वाटलं.

"बाय गो, इतके कष्ट कित्याक घेतलंस?" ते हळूच म्हणाले. "अगदी नवी दिसता."

पुढे महिनाभर त्यांच्याकडून करपल्याचा वास येत राहिला. तेलाचा जुना थर गेल्याने मासा कढईला चिकटत होता. शेवटी बायकोने कुंपणावरून विचारलंच.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "अगो, माका आताशा मासो करपलेलोच बरो लागता."