सीलबंद पत्रामागे तीन दिवस: मोताळा, पिंपळगाव राजा, बुलडाणा आणि पुन्हा पिंपळगाव

परवा शेजारची पोरगी आनंदाने सांगत आली, "आजी, अमेरिकेतली काही कॉलेजं आता परीक्षेशिवायसुद्धा अर्ज घेतात!" तिला वाटलं मी तोंडात बोट घालेन. मी म्हटलं, "अगं बाई, मी असा अर्ज केलाय. तुझ्या आईचाही जन्म व्हायचा होता तेव्हा." पोरीला खरं वाटेना. म्हणून नातवाने काढून दिलेल्या या ब्लॉगवर तो प्रवास एकदाचा लिहून टाकते. डोंगर-दऱ्या, सूर्यास्त वगैरे फारसं सापडणार नाही. कागदांमागे फिरण्याचा प्रवास आहे, आणि आठवला तरी पाय दुखतात.

महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. मी मोताळ्याची, नुकतीच मॅट्रिक झालेली. बाबा सहकारी सोसायटीत शिपाई. बुलडाण्याच्या वाचनालयात एका मासिकात परदेशी कॉलेजांचे पत्ते आले होते. त्यातल्या एकाला मी पत्र टाकलं, आणि खरंच उत्तर आलं! आख्ख्या आळीने ते पाकीट हाताळलं. आत लिहिलं होतं की प्रवेशपरीक्षेचं केंद्र जवळ नसेल (आमच्यासाठी ते मुंबईत होतं, म्हणजे नसल्यासारखंच) तर परीक्षा माफ. त्याऐवजी तीन गोष्टी पाठवा: शाळेतले सगळे गुण, स्वतः लिहिलेला निबंध, आणि वर्गात शिकवलेल्या एका शिक्षकाचं पत्र. हे पत्र शिक्षकाने बंद करून द्यायचं, अर्जदाराने वाचायचं नाही. कागद जानेवारी संपायच्या आत तिकडे पोचले पाहिजेत. डिसेंबर अर्धा सरला होता.

पहिला दिवस: मोताळा ते पिंपळगाव राजा

गणिताचे बोरसे सर आमच्या शाळेतून बदलून पिंपळगाव राजाला गेले होते. मला जवळून पाहिलेले शिक्षक तेच. सकाळी बाबा आणि मी निघालो. आज तुम्ही गाडी काढाल आणि चहा थंड व्हायच्या आत पोचाल. तेव्हा मोटार एकच, आणि दिवस कापूस वेचणीचे. टपावर गाठोडी, आत माणसं, माणसांच्या मांडीवर पुन्हा गाठोडी. धुरळा इतका की उतरल्यावर बाबांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "पोट्टी गोरी झाली व माही!"

सरांच्या घरी त्यांच्या बायकोने भाकरी, झुणका आणि कांदा वाढला. पुढे तीन दिवसांत एवढं चांगलं जेवण मिळालं नाही. जेवण झाल्यावर सर टेबलाशी बसले आणि तासभर लिहीत राहिले. मग पाकिटावर लाख ओतली, ती ओली असतानाच दौतीचं झाकण दाबलं, आणि पाकीट बाबांच्या हातात दिलं.

"बंद म्हंजे बंद, बरं का," सर म्हणाले.

"हाव हाव," बाबा म्हणाले.

संध्याकाळी परतलो तेव्हा अंग आंबून गेलं होतं, पण मनातून मी हवेत होते. जेवणात काय होतं ते आठवत नाही.

दुसरा दिवस: राजूर घाट आणि बुलडाणा

गुणपत्रिकांच्या खऱ्या नकला करून त्यावर गॅझेटेड साहेबाचा शिक्का लागणार होता, म्हणून बुलडाणा. राजूर घाट तेव्हा अरुंद होता. वर गेल्यावर थंडी झोंबते, शाल ठेवा. हा सल्ला आजही लागू आहे. स्टँडजवळ गरम आलूबोंडे मिळाले, दोन आण्यांना दोन.

ज्या साहेबाची ओळख निघत होती ते रजेवर. दुसरे दौऱ्यावर. तिसऱ्यांच्या दारात दोन तास बसून कळलं की ते आज येणारच नाहीत. शेवटी कोणीतरी सांगितलं, जनावरांचे डॉक्टरही गॅझेटेड असतात. गेलो. बाहेर एक म्हैस, दोन बैल आणि आम्ही, अशी रांग. म्हशीचा नंबर आधी लागला.

डॉक्टर पुण्याकडचे, बोलायला गोड. नकलांवर फटाफट शिक्के मारले. मी कागद गोळा करणार तोच बाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून सरांचं पाकीट काढलं.

"साहेब, याच्यावरही मारून द्या."

आता तुम्ही म्हणाल, मी थांबवलं का नाही? नाही थांबवलं. आमच्या घरात शिक्क्याशिवायचा कागद म्हणजे रद्दी. बाबांनी उभा जन्म साहेबांच्या टेबलावरून कागद नेण्या-आणण्यात घालवलेला. बिनशिक्क्याचे कागद त्यांनी किती वेळा परत आलेले पाहिले होते! आणि खरं सांगते, मलाही वाटलं की अमेरिकेला जाणारं पत्र कोरं कसं जाईल? न वाचण्याची अट मला लागू होती. साहेबांना थोडीच होती?

"आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला शिक्का मारता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"मंग पाहा ना," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी कात्रीने लाख फोडली. पहिल्या ओळी वाचल्या आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "अहो, यात लिहिलंय की मुलगी मंद आहे."

बाबांचं तोंड उतरलं. माझे कान तापले. औषधासाठी थांबलेल्या म्हशीच्या मालकानेसुद्धा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांना आमची दया आली. "हे पाठवू नका," ते म्हणाले. "मीच देतो लिहून. पाच वर्षं ओळखतो, अत्यंत हुशार, चारित्र्य उत्तम. असंच द्यायचं असतं." कारकुनाने दहा मिनिटांत टाइप केलं. सही, शिक्का, हुद्दा. बाबांनी तो कागद कपाळाला लावला.

मोटारीत बाबा पुटपुटत होते. "मंद म्हन्ते! त्याच्या घरी बसून जेवलो मी!" मला रडू येत होतं. या सरांसाठी मी आजारी असताना शाळेत गेले होते, आणि त्यांनी तासभर बसून लिहिलं ते हे? घाट उतरताना मी फुटलेलं पाकीट मागून घेतलं आणि हादरत्या गाडीत उरलेलं वाचलं. इंग्रजी सोपं होतं. सरांनी लिहिलं होतं: ही मुलगी मंद आहे. फळ्यापाशी बोलावलं तर तिला उत्तर येत नाही, ती नुसती उभी राहते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती उत्तर घेऊन येते, आणि ते उत्तर तिचं स्वतःचं असतं, पुस्तकातलं नसतं. परीक्षेत तिला वेळ पुरत नाही, म्हणून तिचे गुण तिच्यापेक्षा कमी आहेत. वेळ देणाऱ्या माणसांकडे तिने शिकावं असं मला वाटतं.

मी दोनदा वाचलं. एवढं बारकाईने मला कोणी पाहिलं होतं, हेच मला माहीत नव्हतं. बाबांना मराठीत सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना.

"तू आपल्या मनानं सांगून राह्यली."

"नाई बाबा, असंच लिवलंय."

"मंग सुरवातीले मंद काऊन लिवलं? आधी हुशार लिवाचं, मंग बाकीचं."

"बाबा, त्या डॉक्टरनं मले आज पाह्यलं. पाच वर्षं म्हन्ते!"

"मोठा मानूस हाये. शिक्का हाये."

घरापर्यंत हेच चालू. मोठा माणूस, शिक्का. सरांनी पाहिलंय, डॉक्टरांनी नाही. आईने भाकरी वाढली ती दोघांनीही मोडली नाही. माझं अर्धं मन डॉक्टरांच्या कागदाकडेच होतं, हेही कबूल करते. अत्यंत हुशार असं माझ्याबद्दल टाइप झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पण पाच वर्षं ओळखत असल्याची ती थाप माझ्या निबंधाशेजारी जाणार, हे काही गळ्याखाली उतरेना. मी बाबांना म्हटलं, डॉक्टरांचा कागद जाणार असेल तर मी अर्जावर सहीच करत नाही. बाबा "बाप्पा बाप्पा!" म्हणत डोकं धरून बसले. पण सकाळी फुटकं पाकीट घेऊन सरांकडे निघायला तेच आधी तयार होते.

तिसरा दिवस: पुन्हा पिंपळगाव, मग खामगाव

पुन्हा तीच मोटार, तीच गाठोडी. सर शाळेत होते. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात आले, बाबांच्या हातातलं फुटकं पाकीट पाहिलं, आणि उभेच राहिले.

"कोनं उघडलं?"

"म्याच उघडाले लावलं," बाबा म्हणाले. "शिक्का पाह्यजे होता."

"कोनाचा?"

"जनावराच्या डॉक्टरचा."

सरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी फुटलेली लाख बोटाने चाचपली. बाबांनाच राहवलं नाही. "पन गुर्जी, तुमी पोरीले मंद काऊन लिवलं?"

"मंद हाये म्हनून." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू वाचलं?"

"हो सर."

"खोटं वाटलं?"

"नाही सर."

"मंग झालं." ते वर्गातून कोरा कागद घेऊन आले. "दुसरं देतो. पन पहिलं उघडलं, तिनं वाचलं, अन् काऊन उघडलं, हे बी लिवतो."

अट मोडल्याचं सर आपल्या हाताने कळवणार! परीक्षा नाही, तीन कागदांवरच सगळी भिस्त, आणि त्यातल्या एकात आमचा घोटाळा लिहिलेला. बाबांनी हात जोडले. "एवढं नका लिवू गुर्जी. पाया पडतो. पोरीचं नुसकान होईन."

"बंद पत्रात काय लिवाचं ते मी ठरवतो," सर म्हणाले. "तुमी भायेर बसा."

आम्ही बाहेर निंबाखाली बसलो. घंटा झाली, पोरं वर्गात गेली, सर लिहीतच होते. पाकीट आलं तेव्हा या वेळी लाख दोन ठिकाणी लावलेली होती. बाबांनी ते दोन्ही हातांनी धरलं. खामगावला मोठ्या पोस्टात जाईपर्यंत त्यांनी ते खिशातसुद्धा घातलं नाही. पोस्टातल्या माणसाने निबंध-नकलांच्या पाकिटापाठोपाठ सरांच्या पाकिटावरही ठप्पा हाणला तेव्हा मात्र बाबा त्या घोटाळ्यानंतर पहिल्यांदा हसले. "पाह्य, लागला शिक्का!" त्यानंतर खामगावच्या स्टँडवर आम्ही चहा घेतला. चहा पांचट होता, पण गरम होता.

निकाल सांगून टाकते, नाहीतर खाली विचारणारच आहात. एप्रिलात उत्तर आलं. जागा मिळाली, शिष्यवृत्ती अर्धी. अर्ध्या शिष्यवृत्तीने विमान अर्ध्या वाटेतच उतरलं असतं, म्हणून गेले नाही. पुढे अकोल्याला शिकले, आणि जिल्ह्यातल्याच शाळांत गणित शिकवत निवृत्त झाले. हळहळ वाटली का? वाटली, खूप वाटली. अजूनही आकाशात विमानाचा आवाज आला की मान वर जाते. दुसऱ्या पत्रात सरांनी काय लिहिलं ते मला आजतागायत माहीत नाही. तुम्हाला परीक्षेशिवाय अर्ज करायचा असेल तर एवढंच सांगेन: तुम्हाला अडलेलं ज्याने पाहिलंय, त्याच्याकडून पत्र घ्या.

आणि त्या तिसऱ्या दिवसाचं एक राहिलं. दिवेलागणीला घरी पोचलो. पाय धुऊन ओट्यावर बसलो, आई आत चुलीपाशी. बाबा कोटावरचा धुरळा झटकत होते. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "खरंच येत नाई व तुले, पह्यल्यांदा?"

"नाही येत, बाबा."

"समजते, पन येळ लागते?"

"हो."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "मले बी तसंच होये," ते म्हणाले. "चौथीत. मास्तर म्हने याले काही येत नाई, याले ढोरामागं धाडा. बापानं धाडलं. कोनी सकाळपावतर थांबलंच नाई."