काट्यावर न थांबणारा आकडा

माझ्या मावशीला नाक्यावर सगळे ‘काटेवाल्या बाई’ म्हणत. सीमेवरच्या तपासणी नाक्यात ट्रकच्या वजनकाट्यावर तिने बावीस वर्षं काढली. काचेची खोली, समोर लाल आकड्यांचा पडदा. ट्रक काट्यावर चढून आकडा थांबला की पावती फाडायची. पावतीशिवाय फाटक उघडत नसे. ती भाजी घ्यायला गेली, तर तराजूकडे अशी टक लावून बघे की भाजीवाला न मागता दोन बटाटे जास्त टाकी.

एका दुपारी लाद्यांचा ट्रक आला. कागद चोख, दाराला सील. पण आकडा थांबेना. वीस किलो वर, वीस किलो खाली. मावशीने इंजिन बंद करायला लावलं, ड्रायव्हरला खाली उतरवलं. वाऱ्याची झुळूकही नव्हती, तरी आकडा हलतच होता. असं तिने फक्त गुरांच्या गाड्यांच्या वेळी पाहिलं होतं.

“आत काय आहे?”

“लाद्या, बाई. कागदावर लिहिलंय की.”

“लाद्या कूस बदलत नाहीत,” मावशी म्हणाली.

मागे हॉर्न वाजायला लागले, तसे नाक्याचे साहेब आले. “काटा बिघडला असेल. देऊन टाका पावती.”

“काटा सकाळीच तपासलाय, साहेब. खाली सही तुमचीच आहे.”

“सील तोडलं आणि लाद्याच निघाल्या तर?”

“तर चूक माझी. लेखी देते.”

तिने खरंच लिहून दिलं आणि पावतीपुस्तक मांडीवर घेऊन बसली. साहेबांचा नाइलाज झाला.

लाद्यांच्या दोन रांगा उतरवल्यावर फळ्यांची भिंत लागली. भिंतीमागे अकरा माणसं होती, सात बायका आणि चार पुरुष, घामाने निथळत. परदेशात शिवणकामाची नोकरी लावतो म्हणून दलालांनी त्यांचे कागद काढून घेतले होते. मावशीने पाणी दिलं, तेव्हा एकीने विचारलं, “कुठल्या देशात आलो आम्ही?”

“आपल्याच देशात आहात, बाई. आधी पाणी प्या.”

आठवड्याभरात घरी फोन आला, “तुम्हाला मुलगी आहे ना?” मावशीने तारीख आणि वेळ टिपून घेतली आणि त्याचीही तक्रार नोंदवली. महिन्याभरात तिची बदली जुन्या फायलींच्या खोलीत झाली. काका हवालदिल झाले. “सोड ना आता. तू तुझं काम केलंस.”

“अर्धंच केलंय,” ती म्हणाली. रात्ररात्र तिला झोप लागत नसे, हे मला तिच्या मुलीकडून कळलं. पण कोर्टाची एकही तारीख तिने चुकवली नाही.

दलालांच्या वकिलाने खवचटपणे विचारलं, “म्हणजे तुम्हाला वजनावरून माणूस कळतो?”

“माणूस नाही कळत. आत काहीतरी जिवंत आहे, एवढं कळतं.”

चार वर्षांनी ड्रायव्हर आणि दोन दलालांना शिक्षा झाली. मावशीने अर्जावर अर्ज करून काटा परत मिळवला, आणि आकडा स्थिर होत नसेल तर गाडी उघडल्याशिवाय पावती द्यायची नाही, असा लेखी आदेशही काढायला लावला.

ट्रकचा मालक मात्र अजून फरारच आहे. निवृत्त झाल्यावरही मावशी दर महिन्याला पोलिसांकडे चौकशीला जाते. ती दिसली की तिथले साहेब मुकाट्याने फाइल मागवतात. उत्तर मिळाल्याशिवाय ही बाई उठत नाही, हे त्यांना आता पक्कं ठाऊक आहे.