आत्याबाईंच्या पदराच्या गाठी

आमच्या आत्याबाईंइतकी खरं बोलणारी बाई लातूर आणि नांदेड हे दोन जिल्हे चाळून काढले तरी सापडली नसती, आणि उभ्या जन्मात त्या एकदाच खोटं बोलल्या, ते आमच्या आईशी. हे मी भाचीच्या कौतुकानं म्हणत नाही. त्यांच्या खरेपणानं माझी एक ठरत आलेली सोयरीक मोडली आहे. मुलीला स्वयंपाक येतो का, असं पाहुण्यांनी सहज विचारलं. घरातलं कुणी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "येतो की. खाववत न्हाई, ती गोष्ट येगळी." पाहुणे चहा घेऊन उठले. पुढे माझं लग्न दुसरीकडे झालं, त्यालाही आता सत्तावीस वर्षं झाली, आणि त्या वाक्यातला एक शब्द बदलावा असं माझ्या नवऱ्याला अजून वाटलेलं नाही.

त्या वडिलांच्या चुलत बहीण, गावातल्या गावात दिलेल्या. त्यांचं माहेर आणि सासर यांच्यामध्ये सहा घरं, एक आड आणि एक कडुलिंब. पंचमी जवळ आली की गावातल्या बाकीच्या सुना वाटेकडे डोळे लावून बसायच्या, भाऊ न्यायला येईल म्हणून. आत्याबाईंचा भाऊ दिवसातून चारदा तंबाखू मागायला यायचा. हे त्यांचं जन्माचं दुःख होतं. "वरडलं तरी माहेरात ऐकू जातंय, ह्याला काय माहेर म्हणावं?" असं त्या म्हणत. आपल्याला कुणी निरोप धाडत नाही आणि आपला कुणी नेत नाही, मग निदान दुसऱ्यांचे तरी न्यावेत, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं. त्या कामात त्यांची चाळीस वर्षं गेली.

पोस्टमन होता, नाही असं नाही. पण तो आणायचा कागद, आणि कागद वाचून दाखवायला सासरा किंवा दीर लागायचा. सासूबद्दलचं गाऱ्हाणं सासऱ्याकडून वाचून घ्यायचं कसं? त्यामुळे पत्रात 'सर्व खुशाल' याच्यापलीकडे काही नसायचं. जे असायचं ते आत्याबाईंच्या पदरात. हे मी अलंकारानं म्हणत नाही. प्रत्येक निरोपाला त्या लुगड्याच्या पदराला एक गाठ मारत, आणि निरोप सांगून झाला की ती सोडत. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी तो पदर करदोड्यासारखा गाठीगाठीचा दिसायचा. कुठली गाठ कुणाची हे त्यांना बोटांनी कळायचं. मध्येच एखादीवर बोट थांबायचं आणि त्या पुटपुटायच्या, "ही देवणीवालीची. हिच्या गाईचं बघाया पायजे." बाईचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, माहेर विचारलं. नावाचं काय, त्या म्हणत, नाव सासरचे बदलतात.

परगावी जायला बाईमाणसाला निमित्त लागतं. आत्याबाईंचं निमित्त म्हणजे एक लाल भोपळा. बाजाराला नेतेय, असं सांगून तो टोपलीत घालून त्या निघायच्या. लोह्याचा बाजार, अर्धापूरचा, अहमदपूरचा, सगळे करून भोपळा परत घरी. गिऱ्हाइकानं भाव विचारलाच तर असा काही सांगायच्या की तो माणूस दुसऱ्या दिवशीही दचकत असेल. आमच्या सरपंचांनी पाहिली नसतील एवढी गावं त्या भोपळ्यानं पाहिली होती. त्यांचे मालक गरीब माणूस. दोन दिवसांच्या भाकरी झाकून ठेवलेल्या असायच्या, त्या ते खायचे आणि आपल्या देवणी बैलाशी बोलत बसायचे. "हिला चाळीस गावच्या बायकांचा खोकला ठावं हाय," असं त्यांनी एकदा बैलाला सांगितलेलं माझ्या वडिलांनी ऐकलं होतं, "माझा काय अजून कानावर गेला न्हाई."

निरोप सांगायची त्यांची एक रीत होती. आधी तांब्याभर पाणी प्यायचं, मग भिंतीला पाठ टेकायची, आणि मग त्या आत्याबाई उरायच्या नाहीत. जिचा निरोप तिचा आवाज, तिचा खोकला, तिचं मध्येच नाक ओढणं, सगळं जसंच्या तसं. पदरचं मीठ घालायचं नाही हा नेम. "तुमच्या घरच्या वरणात डाळ शोधाया माणूस ठेवा," हा एका विहीणबाईंचा निरोप त्यांनी दुसऱ्या विहीणबाईंना भर पंगतीत, पहिलीच्या आवाजात ऐकवला. त्यांना घराबाहेर काढलं. पाच मिनिटांनी त्या परत आल्या, भोपळा राहिला होता.

आणि ज्यांची ओळखच नाही अशा बायकांचीही त्या गाठ घालून द्यायच्या. देवणीकडची एक गाईम्हशींत रमलेली बाई आणि अर्धापूरकडची एक केळीच्या मळ्यातली, दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. पण आत्याबाईंच्या तोंडून त्यांचं अकरा वर्षं बोलणं चालू होतं. दूध चोरणाऱ्या गाईपासून दारू पिणाऱ्या दिरापर्यंत सगळं. मध्ये दीड वर्ष त्यांचं भांडण होतं, तेही आत्याबाईंनी दोन्ही बाजूंनी तेवढ्याच तिखटपणे चालवलं. पुढे एका लग्नात दोघी समोरासमोर आल्या. हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी आलं, आणि दोघींना बोलायला काही सुचेना. दोघी वळून आत्याबाईंकडे बघायला लागल्या.

त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झाला. तोवर आम्ही उस्मानाबादचे होतो, एका रात्रीत लातूरचे झालो. पाट्या रंगवल्या गेल्या, भाषणं झाली, आणि नव्या कचेरीतून एक साहेब महिला मेळावा भरवायला आले. बायकांना कळवायचं कसं, असं त्यांनी विचारल्यावर सरपंचांनी आत्याबाईंना पुढे केलं. साहेबांनी निरोप दिला. आत्याबाईंनी गाठ मारली आणि गावोगाव जाऊन तो साहेबांच्याच आवाजात, घसा खाकरून, "तरी सर्व संबंधितांनी उपस्थित राहावे" इथपर्यंत सांगितला. संबंधित म्हणजे कोण हे कुणाला कळलं नाही, म्हणून सगळ्याच आल्या. मांडव कमी पडला. व्यासपीठावर आत्याबाईंना शाल आणि नारळ दिला. त्यांनी तो घेतला, थोडा वेळ वाट पाहिली आणि साहेबांना विचारलं, "ह्याच्यासंगं निरोप काय हाय?" नवा जिल्हा झाला याचा त्यांच्यावर एवढाच परिणाम झाला. आमच्या आईचं माहेर लोह्याच्या पलीकडे, नांदेड जिल्ह्यात. तिला त्या म्हणाल्या, "जिल्हा हलला, वैनी. तुझं माहेर हाय तिथंच हाय, मी बघून आले."

मग दुष्काळ आला. एक पावसाळा कोरडा गेला, दुसराही गेला. आडात दगड दिसायला लागले. गावातले बायाबाप्ये पाझर तलावाच्या कामावर माती टाकायला जायला लागले. बाजार ओस पडले. आत्याबाईंच्या पदराला गाठी मात्र कधी नव्हत्या एवढ्या होत्या, आणि सगळ्या गाठींत एकच निरोप होता: पंचमीला येऊ नको. इथं पाणी न्हाई. पोरांना घेऊन येऊ नको, दिवाळीचं दिवाळीला बघू. आत्याबाई चाळीस आयांच्या चाळीस आवाजांत हे सांगत फिरल्या, पदरचं मीठ न घालता. घरोघर पोरी ऐकून घ्यायच्या आणि "बरं" म्हणायच्या. त्या वर्षी आत्याबाई सांगून झाल्यावर लगेच उठायच्या नाहीत. एका संध्याकाळी त्यांनी भोपळा आमच्याकडे आणून चिरला. आम्ही पोरांनी मिटक्या मारत खाल्ला. तो कापायची पाळी आली म्हणजे काय दिवस आले होते, हे कळायचं आमचं वय नव्हतं.

आईला तेव्हा दिवस गेले होते. आधीचं लेकरू सातव्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे सगळेच धास्तावलेले. माझा मामा बायकापोरांसह ऊसतोडीला गेलेला, आणि आईची माय माळावरच्या त्या गावात एकटी. तिला प्रेमानं बोलणं ठाऊकच नव्हतं. तिचे निरोप यायचे ते असे: "त्या भवानीला म्हणावं, डोक्यावर दोन घागरी घेऊ नको. माणूस हायेस का म्हैस?" आई हसायची, आणि दुसऱ्या दिवसापासून एक घागर घ्यायची.

संक्रांत झाली आणि आत्याबाई तिकडे गेल्या, त्या तीन दिवस परतल्या नाहीत. आजी तापानं फणफणली होती. आत्याबाई उशाशी बसल्या. आजीनं एक निरोप दिला, त्यांनी गाठ मारली, आणि सकाळी आजी गेली. मामा आला, सगळं उरकून, घराला कुलूप लावून परत गेला. आत्याबाई गावात शिरल्या त्या घरी न जाता तलावाच्या कामावर, माझ्या वडिलांकडे. वडिलांनी हात जोडले. बाळंत होईस्तोवर तिला कळू देऊ नका, म्हणाले.

"मी निरोप बदलत न्हाई, दादा."

"मग आणूच नका, आक्का."

"रिकामी गेले तर तिला तिथंच कळंल," आत्याबाई म्हणाल्या.

त्या दिवशी आत्याबाई आमच्या घरी आल्या, पाणी प्यायल्या, भिंतीला टेकल्या, आणि आजीच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या बाळाला म्हणावं, जपून ऱ्हा. माझा जीव तुझ्यापाशी हाय." आई सुपात ज्वारी पाखडत होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा सूप हलायला लागलं आणि ती म्हणाली, "मायला म्हणावं, मी बरी हाय. एकच घागर घेते." आत्याबाईंनी गाठ मारली. पुढचे तीन-साडेतीन महिने हे चालू होतं. गावानं तोंडं शिवून घेतली होती. दर पंधरवड्याला आत्याबाई मायेचा निरोप आणायच्या, एकाहून एक गोड, आणि आई दर वेळी जबाब द्यायची. मला आजी अचानक फार आवडायला लागली होती.

चैत्रात बहीण झाली. दोघी सुखरूप. बाराव्या दिवशी आत्याबाई आल्या, पाणी न पिताच खाली बसल्या, आणि पदर मांडीवर घेऊन म्हणाल्या, "एक गाठ राहिलीय, वैनी. संक्रांतीपासून राहिलीय."

आईनं त्यांच्यापुढे तांब्या सरकवला. "सोडा," म्हणाली.

आत्याबाई पाणी प्यायल्या. भिंतीला पाठ टेकवली. मग आजीचा तो खरा, खरखरीत आवाज आमच्या घरात घुमला: "त्या भवानीला म्हणावं, मी मेले तरी मातीला येऊ नको. इथं तुझं रडणं बघाया कोण बसलंय? पोटातलं सांभाळ. अन् पोरगी झाली तर माझं नाव ठेवू नको. मला ते कधी आवडलं न्हाई."

आई तेव्हा रडली. त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा, बाळ मांडीवर घेऊन, मोठ्यानं. रडता रडताच म्हणाली, "ही माझी माय. आक्का, इतके दिस तुम्ही जिला आणत होता ती बाई चांगली व्हती, पण ती माझी नव्हती."

म्हणजे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. आत्याबाईंनी एवढंच विचारलं, "मग मला गप काहून केलं न्हाईस?"

"तुम्ही गप झाल्या असत्या तर माय गप झाली असती," आई म्हणाली.

मग तिनं डोळे पुसले आणि जबाब दिला. आत्याबाईंनी सवयीनं गाठ मारली आणि गेल्या. त्या गाठीचं पुढे काय झालं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं, मामाच्या मुलीच्या लग्नात. मामाच्या शेजारच्या म्हातारीनं मला ओळखलं आणि सांगितलं. त्या उन्हाळ्यात भर उन्हात आत्याबाई आजीच्या दारात आल्या. घराला कुलूप हाय, म्हातारी तर संक्रांतीलाच गेली, असं शेजारणीनं सांगितलं. "ठावं हाय," आत्याबाई म्हणाल्या, "मला जबाब द्यायचा हाय. सगळे मागचे बी तुंबलेत." त्यांनी पाणी मागितलं. दुष्काळाचे दिवस, शेजारणीनं अर्धा पेला दिला. तो पिऊन आत्याबाई कुलूप लावलेल्या दारासमोर उभ्या राहिल्या आणि आमच्या आईच्या आवाजात एकेक जबाब सांगून एकेक गाठ सोडत गेल्या. मी बरी हाय. एकच घागर घेते. मी बरी हाय. शेवटची सोडताना त्या आईसारख्याच हुंदके देत होत्या. "पोरगी झाली," त्यांनी दाराला सांगितलं. "नाव तुझंच ठेवलंय. बस आता बोंबलत." मग मोकळा पदर डोक्यावर घेऊन त्या चालत्या झाल्या.

बहिणीचं नाव धुरपता. ती बँकेत आहे, सहीत नुसता 'डी' लिहिते, आणि या नावाबद्दल सगळ्यांना दोष देते. आत्याबाईंना जाऊन बारा वर्षं झाली. आईला जाऊन तीन. माझ्या मोबाइलवर आता घरच्या बायकांचे तीन गट आहेत, रोज सकाळी शंभर फुलं आणि चाळीस सुविचार येतात, सगळे गोड. मीही पाठवते. आईला मात्र एक सांगायचं राहिलंय, साधंच आहे, थोडं भांडणाचंही आहे. परवा सहज ओढणीला गाठ मारून पाहिली. जॉर्जेटची आहे, गाठ टिकत नाही.